वीज गेली आठ पन्नासला

बंगळूरच्या के. आर. पुरममधलं तिसऱ्या मजल्यावरचं एक घर धरू. मे महिना. हॉलमध्ये २०० लिटरचा रीफ टँक. मालक कायदा पाळणारा, म्हणून दगडी प्रवाळ नाही. ते २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. लेदर कोरल, झोअँथिड, क्लाउनफिशची जोडी, एक टँग, गोगलगायी, एवढाच संसार.

सायं. ७.००
टेस्ट किट बाहेर निघतं. खारेपणा ३५, अल्कलिनिटी ८, नायट्रेट ५, पीएच ८.३. बोअरचं जड पाणी आरओ-डीआयने गाळून टीडीएस शून्यावर आणलेलं. दृष्ट लागावी असं पाणी. ऑक्सिजन मात्र कुणी मोजत नाही. २६ अंशांना खारं पाणी लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास धरतं. अख्ख्या टँकची शिल्लक सव्वा ग्रॅम.

रात्री ८.५०
वळीव कोसळतो, वीज जाते. यूपीएसवर दिवे, पंखा, वायफाय चालू, त्यामुळे घरात कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटत नाही. टँकचा बोर्ड यूपीएसवर घेतलेला नाही, लोड वाढेल म्हणून. चिलरने वाढतोच. पण पाणी हलवणाऱ्या लहान वेव्हमेकरला १० वॅट पुरतात; डोक्यावरचा पंखा ७० खातो.

१०.३०
पाण्यावर तेलकट तवंग. पृष्ठभाग हलत नाही, हवा आत विरघळत नाही. अंधारात प्रवाळातली शैवालंही ऑक्सिजन द्यायचं सोडून घ्यायला लागतात. मिळवतं कुणी नाही, खाणारे सगळे.

१.००
साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच ७.८वर. झोअँथिड मिटलेले. आत्ता कुणी उठून मगाने पाणी वरून खाली ओतत बसलं असतं, तरी निभावलं असतं. बॅटरीवरचा एअर पंप तर स्वस्तात मिळतो. परदेशी मीठ मागवणारे शौकीन नेमका तोच घेत नाहीत. मार्च २०१६मध्ये इथल्याच उल्सूर तलावात हजारो मासे मेले, तेही पाण्यातला ऑक्सिजन संपल्याने.

२.४०
गोगलगायी काचेवरून पाण्याच्या रेषेपर्यंत चढल्यात. टँग वर येऊन धापा टाकतोय. मोठा, सतत पोहणारा मासा आधी जातो.

३.३०
टँग दगडामागे आडवा. कुजणंही ऑक्सिजनच खातं. अमोनिया फस्त करणारे जिवाणू गुदमरलेले, म्हणून अमोनिया साठतोय.

४.२०
वीज येते, आणि खरा घात इथे होतो. कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यात साडेसात तास सडलेलं पाणी एका दमात टँकमध्ये. वर हवा खेळू लागल्याने कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो. कमी पीएचला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियम होऊन असतो; पीएच अर्ध्या अंकाने चढला की त्यातला विषारी भाग जवळपास तिप्पट. पहाटेपर्यंत तग धरलेली क्लाउनफिशची जोडी या तासात जाते. कॅनिस्टर बंद ठेवून त्याचं पाणी आधी मोरीत ओतायला हवं होतं.

६.००
मालक उठतो. नाकाला सडक्या अंड्यांचा वास. निदान ६० लिटर पाणी बदलायला हवं. पण मीठ कालवून ठेवायचा ड्रम रिकामा आहे. दिवसाला ५० गॅलनचा आरओ तेवढं गाळायला साडेसात तास घेईल, त्यापुढे मीठ विरघळायचा वेळ वेगळा. बिल्डिंगची टाकी तळाला गेलीय, टँकर नऊनंतर.