संसदेत विरोधी पक्षनेत्याने प्रश्न विचारला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं का?

अधिवेशन सुरू झालं की मोबाईलवर क्लिप फिरायला लागतात. विरोधी पक्षनेता सभागृहात उभा असतो, समोरच्या बाकांवरून गोंगाट सुरू असतो आणि खाली कॅप्शन असतं, 'सरकारला घाम फोडला'. दुसऱ्या पेजवर त्याच भाषणाचा वेगळा तुकडा येतो आणि कॅप्शन असतं, 'तोंडावर पडले'. या सगळ्यात एक साधी गोष्ट मागे पडते. त्या प्रश्नाचं उत्तर देणं सरकारला बंधनकारक होतं का?

प्रश्न किती जोरात विचारला यावर हे ठरत नाही. तो कोणत्या नियमाखाली विचारला, यावर ठरतं.

विरोधी पक्षनेता नेमका कोण असतो?

विरोधी पक्षनेत्याच्या पदाला कायद्याची मान्यता १९७७ मध्ये मिळाली. विरोधी बाकांवरच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला लोकसभेत अध्यक्ष आणि राज्यसभेत सभापती ही मान्यता देतात. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. सीबीआयचे संचालक, मुख्य निवडणूक आयुक्त अशा नेमणुकांच्या निवड समित्यांवरही तो असतो.

लोकसभेतल्या या पदाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. १९७७ मध्ये काँग्रेसचा पराभव झाल्यावर यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते झाले. १९९८-९९ मध्ये ही जबाबदारी शरद पवारांकडे होती.

हे पद मिळण्यासाठी सभागृहाच्या एक दशांश जागा हव्यात, असा संकेत आहे. १९७७ च्या कायद्यात ही अट लिहिलेली नाही. तरी लोकसभेसाठी ५५ हा आकडा धरला जातो. काँग्रेसला २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळाल्या. त्यामुळे सलग दहा वर्षं लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. २०२४ मध्ये काँग्रेसच्या ९९ जागा आल्या आणि राहुल गांधी या पदावर आले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेत उलटं घडलं. २८८ पैकी २९ जागांचा टप्पा एकाही विरोधी पक्षाला गाठता आला नाही आणि तिथंही या पदावरून वाद सुरू झाला.

भाषणात विचारलेला प्रश्न

व्हायरल होणाऱ्या बहुतेक क्लिप भाषणांच्या असतात. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरची चर्चा किंवा अर्थसंकल्पावरची चर्चा, इथं विरोधी पक्षनेत्याला बोलायला बराच वेळ मिळतो. चर्चेच्या शेवटी पंतप्रधान किंवा संबंधित मंत्री उत्तर देतात. पण दहा प्रश्न विचारले असतील तर दहाही प्रश्नांना उत्तर दिलंच पाहिजे, असा नियम नाही. मंत्री दोन मुद्दे उचलू शकतात आणि बाकीचे सोडून देऊ शकतात.

राज्यघटनेच्या कलम १०५ मुळे सभागृहात केलेल्या वक्तव्यासाठी खासदारावर कोर्टात खटला भरता येत नाही. पण सभागृहाचे नियम पाळावे लागतात. कुणावर बदनामीकारक आरोप करायचा असेल तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी सूचना द्यावी लागते. अध्यक्षांना आक्षेपार्ह वाटलेला भाग कामकाजातून वगळता येतो. १ जुलै २०२४ ला राहुल गांधींनी विरोधी पक्षनेते म्हणून केलेल्या भाषणातले काही भाग असेच वगळले गेले. वगळलेला भाग अधिकृत नोंदीत राहत नाही.

प्रश्नोत्तराच्या तासात काय वेगळं असतं?

लोकसभेत सकाळी ११ ते १२ आणि राज्यसभेत दुपारी १२ ते १ हा प्रश्नोत्तराचा तास असतो. साधारण पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. कोणाचे प्रश्न यादीत येणार, हे सोडतीने ठरतं. इथं विरोधी पक्षनेत्याला वेगळा कोटा नसतो. पहिल्यांदा निवडून आलेल्या खासदाराची चिठ्ठी निघू शकते आणि त्याची राहून जाऊ शकते. ब्रिटनमध्ये दर बुधवारी विरोधी पक्षनेत्याला पंतप्रधानांना थेट सहा प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे अशी राखीव वेळ नाही.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन :

- तारांकित प्रश्न : मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. मंत्र्याची खरी कसोटी या पुरवणी प्रश्नांत लागते. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, पण तासाभरात त्यातल्या मोजक्याच प्रश्नांची पाळी येते.
- अतारांकित प्रश्न : उत्तर फक्त लेखी मिळतं, पुरवणी प्रश्न नसतो. लोकसभेत दिवसाला असे २३० प्रश्न घेतले जातात.

दुपारी १२ नंतरचा शून्य प्रहर मात्र नियमांच्या पुस्तकात नाही, तो प्रथेने चालत आला आहे. तिथं तातडीचा विषय मांडता येतो, पण मंत्र्याने तिथल्या तिथं उत्तर देणं बंधनकारक नसतं.

म्हणजे सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या भाषणात उत्तराची हमी सर्वांत कमी असते. कुणी न पाहिलेल्या लेखी प्रश्नाला मात्र सरकारला काहीतरी लिहून द्यावंच लागतं.

लेखी उत्तरातली एक ओळ

२०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. विरोधकांनी टीका केली. लेखी प्रश्न मात्र सुरू राहिले.

लॉकडाऊनमध्ये लाखो मजूर पायी गावाकडे निघाले होते. मे महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं होतं. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला. १४ सप्टेंबरला कामगार मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की अशी माहिती ठेवलेली नाही. नुकसानभरपाई दिली का, या उपप्रश्नावर उत्तर आलं की हा प्रश्न उद्भवत नाही.

त्याच आठवड्यात राज्यसभेत तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वे मंत्रालयाने आकडा दिला. श्रमिक स्पेशल गाड्यांनी प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला होता. विषय जवळपास तोच होता, पण प्रश्न नेमका होता आणि ज्याच्याकडे नोंद होती त्या मंत्रालयाला विचारला होता. 'माहिती नाही' हे उत्तरही वाया गेलं नाही. सरकारने काय मोजलं नाही, ते त्यामुळे अधिकृतपणे नोंदवलं गेलं.

सरकार बोलतच नसेल तर?

विरोधकांकडे आणखी काही आयुधं असतात. लक्षवेधी सूचनेने मंत्र्याला निवेदन करायला लावता येतं. स्थगन प्रस्तावाने ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून एका विषयावर चर्चा मागता येते. पण दोन्हींसाठी अध्यक्षांची परवानगी लागते आणि स्थगन प्रस्ताव क्वचितच स्वीकारला जातो.

शेवटचं आयुध म्हणजे अविश्वास प्रस्ताव. त्याला ५० खासदारांचा पाठिंबा पुरेसा असतो. नियमाप्रमाणे आलेला प्रस्ताव सभागृहाने दाखल करून घेतला की दहा दिवसांत चर्चेला घ्यावा लागतो.

२०२३ मध्ये हेच झालं. ३ मेपासून मणिपूरमध्ये हिंसाचार सुरू होता. २० जुलैला पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यावर संसदेबाहेर माध्यमांशी बोलले, पण त्यांनी सभागृहात निवेदन करावं, अशी विरोधकांची मागणी होती. अखेर काँग्रेसचे गौरव गोगोई यांनी अविश्वास प्रस्ताव आणला. सरकार पडणार नाही, हे विरोधकांनाही माहीत होतं. पंतप्रधानांना सभागृहात बोलायला लावणं हाच हेतू असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. १० ऑगस्टला पंतप्रधान दोन तासांहून अधिक वेळ बोलले आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. मणिपूरचा उल्लेख बराच उशिरा आला, असं म्हणत विरोधकांनी त्याआधीच सभात्याग केला होता. प्रस्तावामुळे उत्तर देणं भाग पडलं. उत्तरात कशावर किती बोलायचं, हे मात्र पंतप्रधानांच्याच हातात राहिलं.

उत्तर चुकीचं किंवा अपुरं असेल तर?

मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली असं वाटलं तर हक्कभंगाची नोटीस देता येते. 'माहिती घेऊन सांगतो' असं मंत्र्याने म्हटलं तर ते आश्वासन समजलं जातं. ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा असते आणि दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या त्यावर लक्ष ठेवतात.

एका प्रश्नाने किती दूर जाता येतं, हे मुंदडा प्रकरणात दिसलं. १९५७ मध्ये एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स का घेतले, हा विषय फिरोज गांधी यांनी लोकसभेत लावून धरला. ते विरोधी पक्षाचे नव्हते, सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढची क्लिप आली की काय पाहायचं?

- हे भाषण आहे, शून्य प्रहर आहे की प्रश्नोत्तराचा तास?
- उत्तर कोणी दिलं आणि कधी? ते क्लिपमध्ये आहे की कापलंय?
- तो भाग कामकाजातून वगळला गेलाय का?
- त्याच विषयावर लेखी प्रश्न आहे का? दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर खासदाराचं नाव, मंत्रालय आणि तारीख टाकून उत्तरं शोधता येतात.

आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने या अधिवेशनात काय विचारलं, हेही तिथंच सापडतं. त्यासाठी विरोधी पक्षनेत्याच्या भाषणाची वाट पाहावी लागत नाही.