खळ्यावरचा वाटा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघरी पीकपाण्याबद्दल आभाराचे जेवण होते आणि तेथून नाताळच्या खरेदीला सुरुवात होते. १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा दिवस एक आठवडा अलीकडे आणला. व्यापाऱ्यांना नाताळपूर्वी विक्रीचे दिवस अधिक हवे होते, हे त्याचे कारण. निम्म्या देशाने नवी तारीख पाळली, उरलेल्यांनी जुनी. अखेर १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार ठरला. कामगार चळवळीत उमर गेलेल्या आम्हांला या हकिकतीचे नवल वाटले नाही. सण कोणाच्या सोयीने धरायचा आणि पिकातला वाटा कोणी कोणास कशा रीतीने द्यायचा, हा वाद आमच्या औंधच्या मुलखातही जुनाच आहे.

आमच्या घरी ही आभाराची रीत एका दिवसाची नव्हती. घटस्थापनेला मातीत धान्य पेरायचे, दसऱ्याला त्याचे कोंब टोपीत खोवायचे. आश्विनी पौर्णिमेला नवान्न. बाजरी खळ्यावरून घरात आली की पहिली भाकरी देवापुढे, दुसरी गाईला आणि मग आम्ही पोरे. त्यानंतर दिवाळी. दिवाळी सरली म्हणजे घर हळूहळू थंडीच्या सणांकडे वळे. आई तिळाचे गाडगे खाली काढी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेतात, परसात जे जे असेल त्याची मिळून एक भाजी. संक्रांतीच्या सुगडात ओला हरभरा, गाजर, बोरे, उसाचे कांडे. आणि या साऱ्याच्या कळसाला पौषातली यमाईची जत्रा. यमाई ही पंतप्रतिनिधींची कुलदेवता खरी. पण डोंगरावर नारळ घेऊन चढणाऱ्या कुणब्याला ती आपलीच वाटते.

परंतु खरा आभाराचा सोहळा देवघरात होत नसे, तो खळ्यावर होई. शेणाने सारवलेले खळे, मध्ये तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात. मळणी झाली, वावडीवर उभे राहून उपणणी झाली, की रास पडे. राशीची पूजा झाल्यावर वडीलधारा माणूस पायली हातात घेई आणि मोजताना 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन. त्या वेळी खळ्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे. आणि रास घरी नेण्याआधी वाटे निघत. ज्याने नांगर भरला त्या सुताराचा, ज्याने फाळ शेवटला त्या लोहाराचा, ज्याने मोट शिवली त्या चांभाराचा. हे बलुते. धनी ते आपल्या खुशीने देत नसे. वर्षभराच्या कामाचे ते देणे होते आणि सुतार ते मागायला नव्हे, न्यायला येत असे.

येथे गावगाड्याचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. महार-मांगांचा वाटा त्याच राशीतून निघे. परंतु तो दुरून, वरून टाकून दिला जाई, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्रीची वेठ असे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, आणि ती वतने प्रत्यक्षात जायला १९५८ चा कायदा यावा लागला. हक्काचा वाटाही अपमान करून देता येतो, हे आम्ही पहिल्यांदा खळ्यावरच पाहिले. शाळेत हे कोणी सांगितले नाही. शाळाही आमची फार झाली नाही.

माण-खटावच्या कोरड्या रानाने माणसे मुंबईला गिरणीत धाडली, आणि त्यांच्याबरोबर हा वाट्याचा विचारही गेला असावा, असे आम्हांला वाटते. पहिल्या महायुद्धात आणि नंतर गिरण्यांनी अमाप नफा केला. १९१९ पासून चार वर्षे महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला, १९२३ चा नाकारला गेला. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मार्चपर्यंत बाहेर राहिले. सरकारने नेमलेल्या समितीने निर्णय दिला की रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कामगाराचा बोनसवर हक्क पोचत नाही. म्हणजे ते बक्षीस. धन्याच्या मनात आले तर द्यावे. खळ्यावर वाढलेल्या माणसाला हे कसे पटावे? रास पडली आहे हे त्याला दिसत होते. पुढे १९६५ साली बोनसचा कायदा झाला, त्यात किमान चार टक्के होते. नंतरच्या दशकात ते ८.३३ झाले. हिशेब करून पाहा, तो वर्षाचा बारावा भाग, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार.

आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. बोनस झाला की आमची दिवाळी, त्यांची रजा, आणि उरलेल्या पैशांतून जत्रेचा खर्च. १९८१ च्या दिवाळीतच बोनसवरून गिरण्यांत ठिणगी पडली, आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या साली दिवाळीला वडील घरी होते, पण रिकाम्या हाताने. बाजरीही बेताचीच झाली होती. खळ्यावर आईने पायली हातात घेतली, 'लाभ' म्हटले, आणि नेहमीप्रमाणे सुताराच्या विधवेची टोपली आधी भरली. वडील म्हणाले, "अगं, औंदा आपल्यालाच पुरायचं न्हाई. पुढल्या साली देऊ की." आई मोजायची थांबली नाही. "त्यो त्येंचा हाय. आपला असता तर ठिवला असता."

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच टोपली उचलून त्या बाईच्या दारात नेऊन ठेवली.

पौषात जत्रा भरली तेव्हा संपाला वर्ष होत आले होते. डोंगराच्या पायथ्याशी मुंबईहून आलेले गिरणीवाले घोळक्याने बसले होते. कोण कोणत्या खात्यात होता आणि आता कोणाच्या रानात रोजाने जातो, याची चौकशी चालली होती. दरवर्षी वडील आम्हांला पिपाणी घेत. त्या वर्षी त्यांनी बैलासाठी नवे दावे घेतले, ते खांद्यावर टाकले आणि आम्हांला बरोबर घेऊन पायी घरी आले.