चुना, दगड आणि सूर्यनारायण

शेजारच्या पंढरीत इ.स. २०२४ साली श्रीविठ्ठल मंदिरात मागाहून बसविलेल्या फरशा काढून मूळ दगडी बांधकाम मोकळे करण्यात आले. त्यातून आपण धडा घ्यावा. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजते, सिमेंटास सुमारे १४५० अंश लागतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो व भिंतीची ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडते आणि दगड झिजतो. शिर्डी संस्थानाने २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून प्रसादाचा स्वयंपाक सुरू केला, हेही अनुकरणीय आहे.

फरशीवर नाव कोरले की दात्यास समाधान वाटते, हे खरे. परंतु फरशीमागे ओल साचली, तर नावासह भिंतही जाईल. म्हणून देणगीदारांनी चुन्याच्या घाणीस हातभार लावावा, ही नम्र विनंती.