वाळवी आणि विक्रेत्याचें मौन

घराच्या शत्रूंमध्यें वाळवीइतका शांत शत्रु दुसरा नाहीं. आग दिसते, पुराचा आवाज ऐकूं येतो, भिंतीला गेलेली भेग पाहुण्याच्याहि नजरेस पडते. वाळवी मात्र जमिनींतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते, उजेड टाळते, आणि लाकडाचा गाभा खाऊन वरचा पापुद्रा तसाच ठेवते. तुळईवरचा रंग ताजा असतो, दाराची चौकट सरळ उभी असते. बोटानें दाबून पाहावें, तों बोट आंत जातें! घर पाहावयास आलेल्या गिऱ्हाइकाला तें धडधाकट दिसतें. त्याची खरी स्थिति ठाऊक असते ती मालकाला. अशा वेळीं मालक कांहींच बोलला नाहीं, तर त्यानें फसविलें असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे; आणि विसाव्या शतकांत तो न्यायालयांपुढें पुन्हा उभा करण्यास हा क्षुद्र किडा कारण झाला.

अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स संस्थानांत न्यूटन नांवाचें शहर आहे. तेथें सप्टेंबर १९३८ मध्यें एका गृहस्थानें सहकुटुंब राहण्यासाठीं एका बँकेकडून घर विकत घेतलें. घराला वाळवी लागलेली होती. परंतु ही गोष्ट त्याला कळली ती ऑगस्ट १९४० मध्यें. दुरुस्ती आणि वाळवीचा बंदोबस्त यांपायीं त्याला मोठा खर्च सोसावा लागला. विक्रीच्या वेळीं बँकेला सर्व ठाऊक होतें आणि तिनें तें दडविलें, असा त्याचा दावा होता. वादीचें म्हणणें अक्षरशः खरें धरलें तरीहि दावा टिकत नाहीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४२ मध्यें दिला. न्यायमूर्ति स्टॅन्ली क्वा यांची विचारसरणी अशी होती: बँकेनें खोटें विधान केलें नाहीं, अर्धसत्य सांगितलें नाहीं, घराची तपासणी करण्यास आडकाठी केली नाहीं, उभयतांत विश्वासाचें कांहीं विशेष नातेंहि नव्हतें. नुसत्या मौनाबद्दल तिला जबाबदार धरलें, तर प्रत्येक विक्रेत्याला प्रत्येक गुप्त दोषाबद्दल जबाबदार धरावें लागेल. इतकेंच नव्हे, तर मालाचा गुप्त गुण ओळखून गप्प बसणाऱ्या खरेदीदारालाहि तोच न्याय लावावा लागेल. वादीची बाजू नीतिबुद्धीला भिडते हें न्यायमूर्तींनीं नाकारलें नाहीं. परंतु मनुष्यस्वभावाकडून इतक्या उच्च आदर्शाची अपेक्षा करण्यापर्यंत कायदा अद्याप पोंचलेला नाहीं, असें त्यांचें मत पडलें.

या निर्णयामागें इंग्लिश कायद्यांतील एक प्रसिद्ध सूत्र उभें होतें: खरेदी करणाऱ्यानें सावध राहावें. हें सूत्र लॅटिन भाषेंत सांगण्याचा प्रघात असल्यामुळें तें रोमन लोकांचें असावें असा समज होतो. परंतु घरांच्या विक्रीसंबंधीं रोममधील विचार याच्या अगदीं उलट दिशेनें गेला होता. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें सिसेरोनें कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें एक उदाहरण घेतलें आहे. एक मनुष्य आपलें घर विकतो; त्याचें लाकूड निकृष्ट आहे, तें कोसळण्याच्या बेतांत आहे, आणि हें मालकावांचून कोणालाहि ठाऊक नाहीं. या मालकानें बोलावें कीं नाहीं, यावर तो दोन तत्त्ववेत्त्यांच्या मतांचा झगडा मांडतो. बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो कीं, लपविणें वेगळें आणि न सांगणें वेगळें. टार्ससचा अँटिपेटर म्हणतो कीं, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूला पडतो.

त्याच ग्रंथांत एका खऱ्या खटल्याचीहि हकीकत आहे. केलियन टेकडीवरील एका उंच घरामुळें शकुन पाहण्यास अडथळा येतो, म्हणून पुरोहितांनीं मालकाला तो भाग पाडण्याची आज्ञा केली. मालकानें ती आज्ञा गुप्त ठेवून घर विकून टाकलें. नव्या मालकाला तो भाग पाडावा लागला, आणि मग त्याला खरा प्रकार समजला. मार्कस केटो यानें निवाडा दिला कीं, विक्रेत्याला माहीत असून त्यानें सांगितलें नाहीं, सबब त्यानें नुकसान भरून द्यावें.

न्यूटनच्या निकालानंतर अठरा वर्षांनीं अमेरिकेंतच वारें फिरलें. वॉशिंग्टन संस्थानांत एका जोडप्यानें भाड्यानें देण्याजोग्या खोल्यांची एक इमारत घेतली. तिला वाळवी लागल्याचें कळल्यावर त्यांनीं कांहीं औषधोपचार व डागडुजी केली, परंतु संपूर्ण उपाय न करतांच ती विकली. ‘घेणाऱ्यांनीं वाळवीविषयीं विचारलेंच नाहीं’, हा त्यांचा बचाव होता. १९६० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. दोष इमारतीच्या सुरक्षिततेलाच धोका देणारा आहे, तो सहज दिसणारा नाहीं, आणि विक्रेत्याला तो ठाऊक आहे. अशा ठिकाणीं कोणी विचारो वा न विचारो, बोलणें हें विक्रेत्याचें कर्तव्य आहे, असें न्यायालयानें ठरविलें.

हिंदुस्थानांत मात्र या प्रश्नाचें उत्तर न्यूटनच्या खटल्याच्या साठ वर्षें आधींच कायद्याच्या पुस्तकांत लिहिलें गेलें होतें. १८८२ च्या मिळकत हस्तांतराच्या कायद्याचें ५५ वें कलम विक्रेत्यावर असें बंधन घालतें कीं, मिळकतींतील जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाहीं, आणि सामान्य काळजी घेऊनहि खरेदीदाराच्या लक्षांत येण्याजोगा नाहीं, तो त्यानें उघड केला पाहिजे. न केल्यास तें मौन कपट समजलें जातें. भाड्यानें घर देणाऱ्यावरहि १०८ व्या कलमानें असेंच बंधन आहे.

तथापि हें संरक्षण आंधळ्याची काठी नव्हे. विक्रेत्याला दोष ठाऊक होता, हें सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर असतो. खांबाच्या बुडाशीं मातीच्या नळ्या स्पष्ट दिसत असतां ज्यानें त्या पाहिल्या नाहींत, त्याची तक्रार दुबळी ठरते. शिवाय कराराच्या अटींनीं हें बंधन सैल करतां येतें. म्हणून ‘आहे त्या स्थितींत’ असे शब्द दिसल्यास सहीपूर्वीं थांबून विचार करावा. कपट सिद्ध झाल्यास नुकसानभरपाई मागतां येते, आणि योग्य प्रसंगीं करारहि रद्द करवितां येतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें अशा कपटाच्या दाव्याची मुदत कपट उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेनें तें उघडकीस येऊं शकलें असतें तेव्हांपासून, मोजली जाते. यास्तव पोखरलेलें लाकूड फेंकून देण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें, जाणत्याचा लेखी अभिप्राय आणि विक्रेत्याला पाठविलेली नोटीस जपून ठेवणें शहाणपणाचें.

नव्या इमारतींबाबत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील दोष नजरेस आणून दिल्यास, विकासकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, न केल्यास भरपाई द्यावी, असें त्याचें १४ वें कलम सांगतें. येथें विकासकाला दोष आधीं ठाऊक होता काय, हा प्रश्नच उरत नाहीं. मात्र वाळवीचा उपद्रव बांधकामांतील उणिवेमुळें झाला, हें दाखवावें लागतें.

न्यूटनच्या न्यायमूर्तींना जो आदर्श मनुष्यस्वभावाला न पेलणारा वाटला, तो रोममधील एका न्यायकर्त्यानें व्यवहारांत लागू केला होता, आणि हिंदुस्थानच्या कायद्यानें तो सामान्य विक्रेत्याचें रोजचें कर्तव्य म्हणून लिहून ठेविला. वाळवीला उजेड सोसत नाहीं. आणि जो व्यवहार उजेडाला भितो, त्याचा गाभाहि बहुधा तिनेंच खाल्लेला असतो.