‘इंटरस्टेलर’मध्ये एक तास म्हणजे सात वर्षं कशी?

२०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात मिलरच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांचा हा हट्ट भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना आधी अशक्य वाटला होता. मग त्यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून गणित मांडलं. शेजारचं कृष्णविवर स्वतःभोवती कमाल वेगाच्या अगदी जवळ फिरत असेल, तरच हे जमतं.

ग्रहावरून परतलेल्या कूपरचे काही तास गेलेत, यानात थांबलेल्या रोमिलीची मात्र २३ वर्षं! खरा वेळ कोणाचा? सापेक्षतावादानुसार दोघांचाही. साऱ्या विश्वाला लागू होणारा एकच ‘आत्ता’ नाही. मग भविष्य आधीपासूनच अस्तित्वात आहे का? तत्त्वज्ञांमध्ये यावर अजून वाद आहेत. पुस्तकांच्या कपाटामागचा तो प्रसिद्ध प्रसंग मात्र निव्वळ कल्पना समजून पाहा.