जोडफाइल : एका प्रणालीतून दुसरीत

ई-मेलला जोडलेले छायाचित्र किंवा ऑनलाइन अर्जासोबतचा दाखला विंडोजच्या संगणकावरून निघतो आणि लिनक्सच्या सर्व्हरवर अथवा अँड्रॉइड फोनवर जसाच्या तसा उघडतो. प्रणाली भिन्न असूनही हे साधते, ते सर्वमान्य नियमांमुळे.

१९८२ मध्ये निश्चित झालेला ई-मेलचा एसएमटीपी हा नियमसंच साध्या रोमन मजकुरापुरता होता. छायाचित्र, ध्वनी किंवा देवनागरी अक्षरे त्यातून थेट जात नसत. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘माइम’ मानकाने ही उणीव दूर केली. फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे सांगणारी नोंद त्यामुळे सोबत जाऊ लागली. ‘बेस६४’ पद्धतीत फाइलमधील दर तीन बाइटांची चार साधी अक्षरचिन्हे होतात आणि पोहोचल्यावर त्यांतून मूळ फाइल पुन्हा तयार होते. मात्र प्रवासात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणूनच २५ एमबीची मर्यादा असलेल्या ई-मेलमधून २० एमबीची फाइल जात नाही.

दोन संस्थांच्या संगणकप्रणाली परस्पर माहिती देतात-घेतात, त्या ‘वेब सेवां’पुढेही हाच प्रश्न होता. त्यांचा एक्सएमएल संदेश हाही मजकूरच. फाइल त्यात बसवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आल्या. पण त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. जानेवारी २००५ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘एमटॉम’ हे मानक मान्य केले. त्यात संदेशामध्ये फक्त निर्देश राहतो आणि फाइल मूळ रूपातच स्वतंत्र भागात जाते. संकेतस्थळावरील अर्जातून फाइल चढवतानाही ती अशीच स्वतंत्र भागात जाते. त्यामुळे तिचा आकार फुगत नाही.

हे नियम बाइट सुरक्षित पोहोचवतात; अक्षरे वाचता येतील याची हमी देत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी अर्ज पूर्ण पोहोचतो. पण तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात आले, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. यासाठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ करावी, फाइलचे नाव आटोपशीर आणि शक्यतो रोमन अक्षरांत ठेवावे आणि पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्या एखाद्या उपकरणावर उघडून पाहावी.