वाशीमची रेंज : आकडा आहे, पण कशाचा?

समजा, तुम्ही गाइडकडे विषय घेऊन गेलात : ‘वाशीम जिल्ह्यातील मोबाईल नेटवर्कचा इतिहास’. विषय चांगला आहे. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, आणि भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. म्हणजे जिल्हा आणि मोबाईल जवळपास एकाच वयाचे. गाइड विचारतील, साधनं कोणती? तुम्ही म्हणाल, सिग्नलचे आकडे. कोणत्या वर्षी, कोणत्या कंपनीची रेंज किती होती, ते मांडू आणि तुलना करू.

इथंच थोडं थांबा. या आकड्यांची तुलना दिसते तितकी सरळ नाही, आणि का नाही हे समजून घेण्यातच निम्मं संशोधन आहे.

आधी त्या काड्या. मोबाईलच्या कोपऱ्यातल्या चार-पाच काड्या म्हणजे मोजमाप नव्हे, मोजमापाचं भाषांतर आहे. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. अँड्रॉइडमध्ये तर सिमकार्डाची कंपनीसुद्धा त्या मर्यादा स्वतःपुरत्या बदलून घेऊ शकते. २०१० मध्ये आयफोन ४ हातात विशिष्ट पद्धतीनं धरला की काड्या धडाधड उतरतात म्हणून जगभर बोंब झाली. तेव्हा २ जुलैला अॅपलनं जाहीर पत्र काढून सांगितलं की काड्या दाखवायचं आमचं सूत्रच चुकीचं आहे, कित्येकदा हव्या त्यापेक्षा दोन जास्त दिसतात. मग सॉफ्टवेअर बदललं. सिग्नल होता तेवढाच राहिला, काड्या बदलल्या. आता कुणी मुलाखतीत म्हणालं, “२०१२ साली आमच्याकडे फुल रेंज होती”, तर लगेच वहीत ‘सिग्नल उत्तम’ असं लिहू नका.

बरं, काड्या सोडून खरा आकडा घेऊ. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे असतो : उणे ७० चांगला, उणे ११० म्हणजे जेमतेम. ही मोजपट्टी लॉगची आहे. उणे १०० वरून उणे ९० वर आलात की शक्ती दहापट होते, दहा टक्क्यांनी वाढत नाही. (‘सरासरी सिग्नल’ काढताना हे विसरणारे बरेच भेटतात.) पण खरी मेख पुढेच आहे. टूजीच्या फोनवरचा आकडा हा पूर्ण चॅनलमधून मिळालेली शक्ती सांगतो. फोरजीचा फोन साधारणपणे आरएसआरपी दाखवतो, म्हणजे एका बारीक उपवाहकापुरती शक्ती. दहा मेगाहर्ट्झच्या फोरजीत असे ६०० उपवाहक असतात, त्यामुळे निव्वळ मोजण्याच्या पद्धतीनं सुमारे २८ डीबीचा फरक पडतो. एकाच टॉवरखाली टूजीचा उणे ७५ आणि फोरजीचा उणे १०० दिसला, म्हणून फोरजी कमजोर ठरत नाही. २००८ चा आकडा २०१८ च्या शेजारी ठेवून रेषा काढलीत, तर वाशीमची रेंज दहा वर्षांत ढासळली असा निष्कर्ष निघेल. आणि तो साफ खोटा असेल.

कंपन्यांची तुलना तरी? ती करायची तर फोन एकच हवा, सिम बदलायचं. टूजीत हे जमायचं. पण २००३ च्या आसपास रिलायन्सचे सीडीएमए फोन आले, त्यांचं हँडसेट कंपनीशीच बांधलेलं. त्यात दुसऱ्याचं सिम घालायची सोयच नव्हती. पुढे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेही फक्त फोरजीवर. जुन्या साध्या फोनमध्ये ते सिम टाकलं तर रेंज शून्य, टॉवर डोक्यावर असला तरी! त्या शून्यात फोन किती आणि कंपनी किती, हे वेगळं काढणार कसं? ज्या काळात तुलना करणंच शक्य नव्हतं, त्या काळाबद्दल तुलनेचा तक्ता छापू नये, एवढं माझं मत पक्कं आहे.

आता सरकारी नोंदी. ट्रायचं मायस्पीड अॅप २०१६ मध्ये आलं. लोकांनी केलेल्या चाचण्यांची माहिती खुली उपलब्ध आहे आणि तिच्यात सिग्नल स्ट्रेंथचा रकाना आहे. तो पाहून आनंद होतो, पण शेजारचे रकाने बघा : कंपनी, तंत्रज्ञान, वेग, आणि सर्कल. जिल्हा नाही. फोनचं मॉडेल नाही. ‘महाराष्ट्र’ सर्कल म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र, वर गोवा. मानोऱ्याचा तांडा, पुण्याचा हिंजवडी आणि पणजी एकाच ओळीत. नंबर पोर्ट करणाऱ्यांचे आकडेही सर्कलनिहायच जाहीर होतात. गाडीतून केलेल्या ड्राइव्ह टेस्टचे अहवाल असतात, पण गाडी रस्त्यानं जाते. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, त्यावरचं मोजमाप तिथून दोन किलोमीटर आतल्या सोयाबीनच्या वावराबद्दल काही सांगत नाही.

आणि प्रश्न नेमका वावराचाच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून, आपल्या फोनवर पिकाची नोंद करायची. तोवर रेंज ही बोलण्यापुरती गोष्ट होती, घरी नाही लागला तर पाराजवळ जाऊन बोलायचं. आता ती सातबाऱ्याला जोडली गेली. कुणाचं सिम, कुठला फोन, कुठलं शिवार, हे तिन्ही प्रश्न एकदम महत्त्वाचे झाले आणि नोंदीत तर तिन्ही एकत्र सापडत नाहीत.

मग करायचं काय? एक साधन बरेच जण विसरतात : २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. त्यातल्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक गावापुढे मोबाईल कव्हरेज ‘आहे’ की ‘नाही’ असा रकाना आहे. अंक नाही, कंपनी नाही, पण गाव आहे! रिसोड, मालेगाव, मानोरा तालुक्यांची गावं नकाशावर टाकून बघा. फक्त हे लक्षात ठेवा की ‘आहे’ म्हणजे गावठाणात की शिवारात, हे तो रकाना सांगत नाही.

ते लोकांना विचारावं लागतं. पण “तेव्हा रेंज कशी होती?” असं विचारू नका, उत्तर “बरी होती” एवढंच येईल. “बोलायला कुठं जायचात?” असं विचारा. मग छत, पाण्याची टाकी, बांधावरचं झाड अशा जागा सांगतात, आणि ओघात “तवा साधा फोन होता”, “तवा अमक्याचं कार्ड होतं” हेही येतं. जागा, फोन, कंपनी तिन्ही एका वाक्यात. वर्ष मात्र लोक हमखास चुकवतात. ते लग्न, निवडणूक, दुष्काळ यांच्याशी जोडून पक्कं करून घ्या. गर्दीची आठवण वेगळ्या खणात ठेवा : पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत फोन लागला नाही, असं कुणी सांगितलं तर तिथं सिग्नल भरपूर असूनही टॉवरची क्षमता संपलेली असू शकते.

एक काम मात्र आजच करा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. ते नकाशे बदलत राहतात आणि जुना नकाशा तिथं राहीलच असं नाही. प्रत्येक कंपनीचा वाशीम जिल्ह्याचा नकाशा उघडा, त्यावर तारीख टाका, जतन करा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा.